पुस्तकी किंमत २२ रुपये आणि खाणीत पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या सोमवारी तुमच्या गुंतवणुकीच्या पानावर पुस्तकी किमतीच्या (बुक व्हॅल्यू, म्हणजे ताळेबंदातली मालमत्ता वजा देणी, एका शेअरमागे) निम्म्याहून कमी भावात मिळणाऱ्या शेअरची यादी आली होती, त्यात एका छोट्या मॅंगनीज खाण कंपनीचं नाव बघून माझा चहा गार झाला. नाव इथे लिहीत नाही, पण तीच कंपनी सव्वा वर्षापासून माझ्या डीमॅटमध्ये बसून आहे, ४००० शेअर, १४ रुपयांनी घेतलेले, म्हणजे ५६ हजार, आणि आज भाव ९. तुमच्या लेखकांचं म्हणणं असं की बुक व्हॅल्यू २२, भाव ९, म्हणजे नुकसानीला जागाच नाही. मला यावर चार शब्द लिहायचेत, चाराचे जास्त होणार हे आधीच सांगतो, काटछाट करायची तर करा पण मधला हिशोब तेवढा ठेवा.

मी बाजारातला तज्ज्ञ वगैरे नाही. पिंपरीला एका फोर्जिंग कारखान्यात ३१ वर्षं कॉस्टिंगला होतो. एका किलोच्या जॉबला वीज किती, डाय किती झिजली, रिजेक्शन किती, हेच करत आयुष्य गेलं, आणि तरी हा शेअर घेताना मी टनाचा हिशोब मांडला नाही, हे लिहितानाही लाज वाटते.

झालं असं की मार्च २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात मेगन नावाचं चक्रीवादळ आलं आणि ग्रूट आयलंड बेटावरच्या मोठ्या मॅंगनीज खाणीचा धक्काच मोडला, जहाजं लागेनात, जगभर चांगल्या प्रतीच्या मॅंगनीजचा भाव एकदम वर गेला. मॅंगनीज जवळजवळ सगळं स्टीलमध्ये जातं त्यामुळे ज्यांना हवं त्यांना हवंच असतं. इकडे मॉईल या सरकारी मॅंगनीज कंपनीचा शेअर पळाला आणि त्याच्या मागून आमचं हे पिल्लू रोज ५ टक्क्यांच्या सर्किटला, म्हणजे दिवसात चढायच्या कमाल मर्यादेला. आमचा तळजाईला सकाळचा फिरायचा ग्रुप आहे, त्यात माझा मेहुणाही येतो, तो म्हणाला भाऊजी मॉईल तर पळाला आता, हा घ्या, हा अजून १४ आहे. मग टेकडी उतरून अमृततुल्यवर बसल्यावर त्याने मोबाईलवरच गणित केलं : कंपनीच्या अहवालात १५ लाख टन साठा लिहिलाय, टनाला ८ हजार धरा, झाले १२०० कोटी, शेअर आहेत ४ कोटी, म्हणजे एका शेअरमागे ३०० रुपयांचं मॅंगनीज जमिनीत पडलंय आणि मिळतंय १४ ला. मी क्रीमरोल खात होतो, मान डोलावली. (कंपनी ओळखू येऊ नये म्हणून इथले सगळे आकडे मी गोल केलेत, पण प्रमाण तेच ठेवलंय.)

तुमचे लेखक बुक व्हॅल्यू म्हणतात आणि मेहुणा जमिनीतला माल म्हणतो, पण चूक एकच आहे, दोघंही समोर दिसणारा मोठा आकडा घेऊन शेअरने भागतात, मधे कोण कोण हात पसरून उभे आहेत ते बघतच नाहीत.

आधी तो १५ लाख टनाचा आकडा. आपल्याकडे खनिजाचा साठा युएनएफसी या संयुक्त राष्ट्रांच्या वर्गवारीच्या तीन आकडी क्रमांकाने लिहितात, १११ म्हणजे ड्रिलिंग झालंय, काढणं परवडतं हेही तपासलंय असा पक्का साठा, आणि ३३३ म्हणजे भूगर्भशास्त्रज्ञाचा अंदाज की इथे असावं, परवडेल का ते अजून कोणी पाहिलेलं नाही. अहवालाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात तक्ता होता, तो मी शेअर घेतल्यावर तीन महिन्यांनी वाचला (आधी वाचायचा असतो हे मला कळतं हो). १११ आणि १२२ मिळून ३ लाख टन. बाकीचे १२ लाख ३३२ आणि ३३३ मधले. ते खोटं आहे असं नाही, पण त्यावर कुठली बँक एक रुपया देणार नाही, मग मी का देतोय. कॅनडाची ब्री-एक्स नावाची कंपनी होती, बोर्निओच्या जंगलात बुसांगला सोनं सापडलं म्हणून तिची बाजारातली किंमत ६ अब्ज कॅनेडियन डॉलरच्या वर गेली होती, १९९७ मध्ये कळलं की नमुन्यांत सोनं बाहेरून मिसळलेलं होतं आणि जमिनीत काहीच नव्हतं. त्यानंतर कॅनडाने नियम आणला की साठ्याच्या आकड्याखाली पात्र माणसाची सही पाहिजे. आमच्या कंपनीने काही मिसळलंय असं मी अजिबात म्हणत नाही, मी म्हणतोय आकड्याच्या मागचा क्रमांक बघा.

दुसरं म्हणजे तो माल कंपनीच्या बापाचा नाही. खाणपट्टा म्हणजे मालकी नव्हे, मुदतीचा हक्क. आमच्या कंपनीचा पट्टा २०३२ ला संपतो आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर नूतनीकरण नाही, लिलाव होतो, त्या लिलावात मोठे स्टीलवाले उतरतात, ओडिशात २०२० मध्ये लोखंडाच्या खाणींना विक्रीमूल्याच्या १०० टक्क्यांच्या वर बोल्या गेल्या होत्या, तिथे आमची ही कंपनी हात वर करणार का. म्हणजे २०३२ नंतर जमिनीत जे राहील त्याची किंमत भागधारकासाठी शून्य, मग ते १२ लाख टन असो की १२ कोटी टन. आणि मुदत आहे म्हणून पट्टा टिकेलच असंही नाही, गोव्याला फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ पट्टे एका निकालात रद्द केले, मार्चच्या मध्यापासून खाणी बंद. त्या सकाळीही कोणाच्या ना कोणाच्या ताळेबंदात ते पट्टे मालमत्ता म्हणून छापलेलेच असणार.

आता खाणीवर जाऊन आलो त्याबद्दल. मुलगी नागपूरला दिलीये, जानेवारी २०२५ मध्ये तिच्या डोहाळजेवणाला गेलो होतो, जावईबापू म्हणाले बाबा तुमची ती खाण तुमसरच्या पुढेच आहे ना, चला गाडीने जाऊन येऊ. बायकोचं तोंड वाकडं झालं पण गेलो. गावाच्या बाहेर मुरुमाचा रस्ता, गेटवर बोर्ड, बोर्डावर सुरक्षा सप्ताहाची तारीख तीन वर्षांपूर्वीची. आत दोन डंपर उभे, एकाची पुढची दोन्ही चाकं काढून विटांवर ठेवलेला. राखणदार तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवत होता. आम्ही भागधारक आहोत म्हटल्यावर त्याला काही कळलं नाही, कर्ज वसूल करायला आलोय असं वाटलं बहुतेक, पण जावयाने खर्रा काढल्यावर माणूस बोलता झाला. खाणीच्या काठावर नेलं त्याने. खाली हिरवंगार पाणी, चांगलं खोल, आणि पलीकडच्या कडेला दोन पोरं गळ टाकून बसलेली. मी विचारलं पाणी उपसत नाही का? म्हणाला, "लाईन कटली ना जी, मागच्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीले. मोटारच नाई चालत तं पानी कोन उपसन?"

म्हणजे नोव्हेंबर २०२३. म्हणजे मार्च २०२४ ला जगात भाव चढला तेव्हा खाणीत पाणी होतं, जूनमध्ये मी शेअर घेतला तेव्हाही पाणीच होतं, आणि कंपनीने एक्स्चेंजला कळवलेलं होतं, "देखभालीसाठी उत्पादन तात्पुरते मर्यादित". भाव वाढला म्हणून आम्ही ज्या कंपनीचा शेअर घेतला तिच्याकडे त्या भावाने विकायला एक टन नवा माल निघत नव्हता.

तिथे अजून एक गोष्ट बघितली. ताळेबंदात 'शिल्लक माल' म्हणून ६ कोटी आहेत. गेटच्या उजव्या हाताला तो शिल्लक माल आहे, काळपट ढीग, त्यावर गुडघाभर वाळलेला तरोटा आणि पळसाची रोपं. जावई मेकॅनिकल इंजिनियर आहे, त्याने दोन दगड उचलून हातात तोलले आणि म्हणाला बाबा, चांगला माल असता तर इथे झाडं उगवेपर्यंत थांबला असता का. वजनदार तर नव्हतेच ते. मी एक दगड खिशात घातला, इथे टीव्हीखाली ठेवलाय, हीच माझी ताब्यात घेतलेली मालमत्ता. तेव्हा ८८ कोटींच्या नेटवर्थमधले (२२ रुपये गुणिले ४ कोटी शेअर) ६ कोटी हे, आणि ३० कोटी 'भांडवली काम प्रगतीपथावर' म्हणून चार वर्षं जसेच्या तसे, प्रगतीपथावरचं काम चार वर्षं हलत नसेल तर त्याला कॉस्टिंगमध्ये आम्ही वेगळा शब्द वापरायचो, तो इथे छापता येणार नाही. शिवाय संबंधित कंपन्यांना दिलेली उचल. उरलेली यंत्रं विटांवर. ही ती २२ रुपयांची पुस्तकी किंमत.

परत आल्यावर मी जुनी सवय काढली आणि टनाचं शीट केलं. तुम्ही छापा ते, समजा म्हणूनच छापा. विक्री सरासरी ७००० रुपये टन, कारण ८००० चा माल थोडाच निघतो, आणि मॉईल दर जाहीर करते त्याच्या आसपासच छोट्यांना विकावं लागतं. खोदाई आणि वरची माती-मुरूम काढणं मिळून ४५००. फोडणं, निवडणं आणि रेल्वे सायडिंगपर्यंत ट्रक, ६००. रॉयल्टी मॅंगनीजवर ५ टक्के आणि जुन्या पट्ट्याला रॉयल्टीच्या ३० टक्के जिल्हा खनिज प्रतिष्ठानला, धरा ४६०. पाणी उपसणं, ऑफिस, राखण वगैरे ४४०. बेरीज ६०००, हातात हजार रुपये. (रॉयल्टी ज्या सरासरी विक्री किमतीवर लागते ती नागपूरचा खाण ब्युरो महिन्या-महिन्याने जाहीर करतो, म्हणजे हे आकडे कोणालाही पडताळता येतात, लेखकांनाही.) पक्का साठा ३ लाख टन, त्यातले १० टक्के खांबात, कडेला, मातीत जातात म्हणून २ लाख ७० हजार. वर्षाला ४५ हजार टनांच्या वर ही खाण कधी गेली नाही, तेव्हा ६ वर्षं, वर्षाला साडेचार कोटी, आणि पहिलं वर्ष चालू करण्यातच जाणार. बुडायची एवढी भीती असलेल्या धंद्यात १५ टक्क्यांच्या खाली मी सूट धरणार नाही (म्हणजे पुढे मिळणारा पैसा दर वर्षामागे तेवढा कमी धरून आजच्या किमतीत आणायचा). त्याने आजची किंमत येते १५ कोटींच्या आसपास.

आता ह्या १५ कोटींवर हात पसरलेले. बँकेचं कर्ज १४ कोटी. कामगारांचे पगार आणि ठेकेदारांची देणी ३. पाणी उपसून, पंप-केबल नवीन टाकून, डंपर उभे करून खाण चालू करायला ८. झाले २५. पंधरातून पंचवीस गेले, म्हणजे भागधारकाच्या वाट्याला उणे १०. आणि बाजार या कंपनीला आज ९ गुणिले ४ कोटी म्हणजे ३६ कोटी देतोय, तुमचे लेखक म्हणतात स्वस्त आहे.

मेहुण्याला हे दाखवलं तर तो म्हणाला भाऊजी तुम्ही भाव वाढणार हे धरलंच नाही. बरोबर आहे त्याचं, एवढं मात्र मान्य करायला पाहिजे, अशा शेअरमध्ये खरी किंमत असते ती त्याच आशेची. म्हणून तेही केलं. भाव ३० टक्के वाढून ९१०० झाला तर खर्च तोच राहतो, फक्त रॉयल्टी वाढते, आणि टनामागची शिल्लक हजारावरून जवळपास तीन हजारावर जाते. तिप्पट. वादळ आल्यावर असे शेअर का उडतात ते इथे कळतं. मग आजची किंमत येते ४४ कोटी, त्यातून २५ वजा, उरले १९, भागिले ४ कोटी, पावणेपाच रुपये. सहाची सहा वर्षं भाव ३० टक्के वरच राहिला तर पावणेपाच! आणि तो वादळवाला २०२४ चा भाव काही महिन्यांतच खाली आला होता. उलट भाव १५ टक्के पडला तर टनामागे वीस रुपयेही उरत नाहीत. मेहुणा शीट बघून म्हणाला तुम्ही खर्च जास्त धरलाय. धरला असेन, ५०० ने कमी करून बघा म्हटलं, भाव ७००० च धरला तर तरीही उणेच येतं.

यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शीटमध्ये नाहीच, ती राखणदाराच्या वाक्यात आहे. खाण कायद्यात, १९५७ च्या, कलम ४अ मध्ये अशी तरतूद आहे की सलग २ वर्षं उत्पादन बंद राहिलं तर पट्टा रद्दबातल होतो, मुदत संपायच्या आत अर्ज केला आणि कारण पटलं तर राज्य सरकार एकदाच, आणखी १ वर्षापर्यंत वाढ देऊ शकतं. नोव्हेंबर २०२३ ला लाईन कापली. आता गणपती होऊन गेलेत, दिवाळी तोंडावर आहे, म्हणजे दोन वर्षं भरतच आली. कंपनीने अर्ज केलाय का, हे अहवालात कुठेही नाही. आणि पट्टाच गेला तर १५ कोटी नाहीत की ४४ कोटी नाहीत, उरते ती देणी. खाण बंद करणंही फुकट नसतं, खोदलेल्या जागेची हेक्टरी ३-५ लाखांची हमी आधीच द्यायची असते. दिवाळखोरी कायद्यात इक्विटीवाला अगदी शेवटचा, डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीच्या भागधारकांना २०२१ मध्ये शून्य मिळालं तेव्हा किती जणांना हे पहिल्यांदा कळलं, बाजारात शेवटपर्यंत त्याला भाव होता आणि लोक घेत होते.

ऑगस्टमध्ये सर्वसाधारण सभा झाली, हल्ली व्हिडिओवरच असते. मी बोलणारा म्हणून आधी नाव नोंदवलं, बायकोने मागचा पडदा बदलला, इस्त्रीचा शर्ट घातला. दोनच प्रश्न विचारले, पाणी उपसायला किती खर्च आणि कलम ४अ खाली अर्ज केला का. माझ्या आधीचे दोघं अध्यक्षांना तब्येतीची काळजी घ्या सांगत होते. मला उत्तर मिळालं, आपले प्रश्न नोंदवून घेतलेत, ईमेलने कळवू. अजून ईमेल आलेला नाही, स्पॅमही बघितलं.

त्याऐवजी आला तो ठराव. प्रवर्तकांना २ कोटी वॉरंट, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायचा हक्क, द्यायचे, भाव ९ च्या आसपास. वॉरंटला आत्ता फक्त २५ टक्के भरायचे, बाकी १८ महिन्यांत. म्हणजे दीड वर्ष ते बघणार, पट्टा टिकला, वीज आली, भाव चढला तर उरलेले बारा आणे भरून शेअर घेणार आणि ४ कोटींचे ६ कोटी शेअर होऊन माझा वाटा तिसऱ्या हिश्श्याने खाली येणार, आणि नाही टिकला तर त्यांचे चार आणे बुडणार. माझा मात्र पूर्ण रुपया आधीच भरून झालाय. हे बेकायदा अजिबात नाही, सेबीच्या नियमात बसतं, पण ज्याला आत पाणी किती ते माहितीये तो चार आणे टाकतोय आणि ज्याला माहिती नाही त्याने रुपया टाकावा असं तुमची यादी सांगते, हे मला खटकलं म्हणून पत्र.

सगळ्या खाण कंपन्या वाईट असं कृपा करून छापू नका माझ्या नावावर. कर्ज नसलेली, चालू खाणी असलेली, दर महिन्याला किती टन काढलं ते सांगणारी कंपनी असेल तर तिचा हिशोब वेगळा येतो, तिथे भाव पडला तरी ती दोन वर्षं कळ काढू शकते. अडचण मेलेल्या खाणीला चालू खाणीच्या फूटपट्टीने मोजण्यात आहे. निदान एवढं तरी करा, खाण कंपनीचं नाव यादीत घालताना पट्टा कधी संपतो, शेवटचा टन कधी निघाला आणि चालू करायला लागणारे पैसे कोण भरणार, हे तीन रकाने बुक व्हॅल्यूच्या शेजारी छापा, जागा नसेल तर बुक व्हॅल्यूचा काढा.

मी शेअर विकले का असं विचाराल. नाही विकले. रोज दोन-तीन हजाराच्या वर व्यवहारच होत नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडून ९ ला घेणारा कोणीतरी तुमची यादी वाचलेलाच असणार, तेही मनाला पटत नाही, आणि बायको म्हणते ५६ हजारांचा दगड आणलाय तर ठेवा आता. मेहुणा मात्र ९ ला अजून २००० घेऊन मोकळा झालाय, सरासरी खाली आणतोय म्हणे, आणि तळजाईला हल्ली माझ्यापेक्षा दहा मिनिटं पुढे चालतो.

वॉरंटच्या ठरावावर ई-मतदान काल संध्याकाळी ५ ला बंद झालं. मी ४००० शेअर विरोधात टाकले, पावतीचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, हवा असेल तर पाठवतो.

आपला,
एक जुना वाचक
सहकारनगर, पुणे